मिशेल थॉमस यांची स्पॅनिश अध्यापनपद्धती : पार्श्वभूमी, स्वरूप आणि मराठी भाषक विद्यार्थी

प्रस्तावना

परकीय भाषेच्या अध्यापकाची कीर्ती सहसा त्याच्या विद्यार्थ्यांच्या वर्तुळाबाहेर जात नाही. व्याकरणकार आणि कोशकार ग्रंथरूपाने मागे उरतात. वर्गात उभे राहून भाषा शिकविणारा शिक्षक मात्र वर्ग सुटताच विस्मरणात जातो. मिशेल थॉमस (१९१४-२००५) हे या नियमाला अपवाद ठरले. स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन व इटालियन या भाषा त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ शिकविल्या. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांचे वर्ग ध्वनिमुद्रित झाले आणि एरवी हवेत विरून जाणारे अध्यापन अभ्यासासाठी उपलब्ध झाले. वही नाही, पाठांतर नाही, गृहपाठ नाही आणि परीक्षाही नाही, असे या अध्यापनाचे वरवरचे वर्णन केले जाते. हे वर्णन खरे असले तरी अपुरे आहे. या नकारांमागे अध्ययनाविषयीची एक निश्चित भूमिका आहे आणि ती थॉमस यांच्या विलक्षण जीवनातून घडलेली आहे. प्रस्तुत लेखात या भूमिकेचा, तिच्यातून सिद्ध झालेल्या स्पॅनिश अध्यापनाचा आणि मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तिच्या मर्यादांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

जीवनपट

थॉमस यांचे मूळ नाव मोनिएक क्रोस्कोफ. ३ फेब्रुवारी १९१४ रोजी, तत्कालीन रशियन साम्राज्यात असलेल्या वूच या पोलिश शहरात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपणीच त्यांना जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे नातेवाइकांकडे धाडण्यात आले. हे शहर आज पोलंडमध्ये असून व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्यांनी जर्मनी सोडली व फ्रान्समध्ये आश्रय घेतला. बोर्दो येथे त्यांचे विद्यापीठीय शिक्षण झाले. फ्रान्सचा पाडाव झाल्यानंतर व्हिशी राजवटीच्या ल व्हेर्ने, ले मिल इत्यादी बंदिवासछावण्यांमध्ये त्यांना दिवस काढावे लागले. सुटका करून घेतल्यावर ते फ्रेंच प्रतिकार चळवळीत सामील झाले. 'मिशेल थॉमस' हे त्या भूमिगत काळात धारण केलेले खोटे नाव. पुढे तेच त्यांचे कायमचे नाव झाले. त्यांचे आईवडील व अन्य आप्त नाझींच्या संहारात बळी पडले.

या काळातील दोन प्रसंगांचा उल्लेख थॉमस पुढे वारंवार करीत असत. पहिला प्रसंग १९४३ मधील लिऑन शहरातील. ज्यू संघटनेच्या कार्यालयावर गेस्टापोने घातलेल्या धाडीत ते सापडले आणि क्लाउस बार्बी या कुप्रसिद्ध अधिकाऱ्यापुढे त्यांना उभे राहावे लागले. आपल्याला जर्मन भाषेचा एक शब्दही कळत नाही, असे सोंग त्यांनी अखेरपर्यंत वठविले. समोर आपल्याच जिवाचा फैसला जर्मन भाषेत होत असताना चेहऱ्यावर आकलनाची रेषाही उमटू न देणे, ही भाषाप्रभुत्वाची एक उलटी कसोटीच म्हणावी लागेल. १९८७ मध्ये बार्बीवर चाललेल्या खटल्यात थॉमस यांनी साक्ष दिली. दुसरा प्रसंग व्हिशी राजवटीच्या निमलष्करी दलाने केलेल्या छळाचा. त्या यातनांच्या काळात मनाची एकाग्रता अशा अवस्थेला पोहोचली की वेदना जाणवेनाशी झाली, असे ते सांगत. मानवी मनाच्या न वापरलेल्या शक्तींविषयीचे आपले कुतूहल तेथून सुरू झाले, असा त्यांचा दावा होता.

१९४४ च्या उत्तरार्धात ते अमेरिकी सैन्याबरोबर व त्यानंतर त्याच्या प्रतिगुप्तचर विभागाबरोबर कार्यरत राहिले. १९४७ मध्ये ते लॉस एंजेलिस येथे स्थायिक झाले व बेव्हर्ली हिल्स भागात त्यांनी भाषाशाळा काढली. मोनॅकोच्या राजपुत्राशी विवाह होण्यापूर्वी अभिनेत्री ग्रेस केली यांनी फ्रेंच भाषेचे धडे थॉमस यांच्याकडे घेतले. चित्रपटसृष्टीतील अनेक नामवंत त्यांचे विद्यार्थी होते. शुल्क मोठे असे. त्यामुळे ही पद्धत दीर्घकाळ श्रीमंतांपुरतीच राहिली, हे नोंदविणे आवश्यक आहे.

थॉमस यांच्या युद्धकालीन कथनाविषयी वादही झाला. २००१ मध्ये एका प्रमुख अमेरिकी दैनिकाने त्यांच्या काही दाव्यांवर प्रश्नचिन्ह उभे केले. थॉमस यांनी अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला, तो न्यायालयाने फेटाळला. पुढे २००४ मध्ये अमेरिकी सैन्याने १९४४ मधील कामगिरीसाठी त्यांना 'सिल्व्हर स्टार' हे शौर्यपदक प्रदान केले. ८ जानेवारी २००५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. अध्यापनपद्धतीचे मूल्यमापन करताना चरित्राच्या तेजाने अभ्यासकाचे डोळे दिपू नयेत. पद्धत परिणामकारक असेल तर ती शिक्षकाच्या शौर्यामुळे नव्हे, आणि तिच्यात उणिवा असतील तर त्या चरित्रविषयक वादामुळेही नव्हेत.

शिकण्याची जबाबदारी कोणाची?

सुशिक्षित व सुसंस्कृत मानला गेलेला जर्मन समाज हुकूमशाहीच्या मागे का गेला, हा प्रश्न थॉमस यांना छळत होता. शिक्षणातच काही मूलभूत दोष असला पाहिजे, या निष्कर्षाप्रत ते आले. शिकण्याची प्रक्रिया समजून घ्यावयाची तर सर्वांना सर्वाधिक परका वाटणारा विषय निवडावा, म्हणून त्यांनी परकीय भाषा निवडली. येथे भाषा हे त्यांच्या दृष्टीने प्रयोगाचे क्षेत्र होते; खरा विषय अध्ययन हाच होता.

पहिल्या तासाच्या प्रारंभीच ते विद्यार्थ्यांना एक नियम घालून देत : काहीही लक्षात ठेवण्याचा प्रयत्न करावयाचा नाही. विद्यार्थ्याला एखादी गोष्ट आठवली नाही, तर तो दोष विद्यार्थ्याचा नाही. ती केव्हा व कशी पुन्हा समोर आणावयाची हे शिक्षकाने ठरवावयाचे असते. या नियमाचा मानसशास्त्रीय परिणाम लक्षणीय आहे. 'विसरलो तर काय' ही धास्ती हीच पुष्कळदा विस्मरणाचे कारण असते. भीती व ताण यांमुळे भाषेचे ग्रहण अडते, हा विचार पुढे स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या दशकात भावनिक गाळणीच्या गृहीतकातून लोकप्रिय केला. थॉमस यांनी तो उपपत्तीच्या भाषेत मांडला नाही; त्यांनी खोलीतील बाके काढून आरामखुर्च्या ठेवल्या.

बीबीसीने १९९७ मध्ये प्रसारित केलेल्या 'द लँग्वेज मास्टर' या माहितीपटात हे शब्दशः दिसते. लंडनमधील इस्लिंग्टन भागातील एका महाविद्यालयातील, भाषाशिक्षणात फारसे यश न लाभलेल्या विद्यार्थ्यांना थॉमस यांनी पाच दिवस फ्रेंच शिकविले. सुरुवातीला विद्यार्थ्यांच्याच हातून वर्गातील सामान हलवून गालिचे, झाडे व खुर्च्या मांडण्यात आल्या. पाचव्या दिवशी ते विद्यार्थी लांब वाक्ये रचून बोलू लागले होते. माहितीपट प्रभावी आहे. परंतु पुरावा म्हणून तो दुबळा आहे. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि काही महिन्यांनंतर किती टिकले याची चाचणीही त्यात नाही. या पद्धतीवरील बरेचसे लेखन अनुभवकथनाच्या पातळीवर राहते, ही तक्रार रास्त आहे. जोनाथन सॉलिटी या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिची अध्यापनशास्त्रीय संगती लावण्याचा प्रयत्न केला, हा त्यातल्या त्यात गंभीर अपवाद होय.

स्पॅनिश अध्यापनाचे स्वरूप

२००० पासून ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रिकांतील स्पॅनिशचा मूळ अभ्यासक्रम सुमारे आठ तासांचा आहे. त्यात थॉमस, एक विद्यार्थी व एक विद्यार्थिनी असे तिघे आहेत. श्रोता हा तिसरा विद्यार्थी. शिक्षकाने प्रश्न विचारला की श्रोत्याने यंत्र थांबवून आपले उत्तर मोठ्याने द्यावयाचे आणि नंतरच पुढे ऐकावयाचे. विद्यार्थ्यांच्या चुका ध्वनिमुद्रणातून वगळलेल्या नाहीत. काही श्रोत्यांना त्या चुका कंटाळवाण्या वाटतात. अध्यापकाने मात्र त्याच भागाकडे विशेष लक्ष द्यावे. चूक होताच थॉमस क्वचितच बरोबर उत्तर सांगतात. ते विद्यार्थ्याला मागे नेतात : या वाक्यात क्रिया कोणती, ती कोण करतो, मूळ रूप काय. घाईने अंदाज करू नका, विचार करून रचा, असा त्यांचा आग्रह असतो. विद्यार्थी स्वतःच्या पायांनी चुकीच्या ठिकाणाहून परत येतो.

प्रारंभ ओळखीच्या शब्दांपासून होतो. स्पॅनिश ही लॅटिनोद्भव भाषा असल्यामुळे आणि इंग्रजीत लॅटिन व फ्रेंचमधून आलेले शब्द विपुल असल्यामुळे दोन्ही भाषांत हजारो शब्द समान आहेत. इंग्रजीतील 'पॉसिबल', 'प्रॉबेबल' हे शब्द स्पॅनिशमध्ये 'पोसीब्ले', 'प्रोबाब्ले' होतात. 'इंपॉर्टंट'चे 'इंपोर्तान्ते', 'नेसेसरी'चे 'नेसेसारियो', 'कंडिशन'चे 'कोंदिसियोन'. शब्दान्ताचे चारपाच नियम कळले की विद्यार्थ्याला आपल्याजवळ मोठा शब्दसंग्रह आधीच आहे, याचा साक्षात्कार होतो. हा साक्षात्कार पहिल्या पंधरा मिनिटांत घडविणे, यात थॉमस यांचे कौशल्य आहे. रिकाम्या हातांनी आलेल्या विद्यार्थ्याला तुझे हात भरलेले आहेत, असे दाखवून दिले जाते.

त्यानंतर क्रियापदे येतात. तीही पूर्ण तक्त्यांच्या रूपाने नव्हे. 'कियेरो' (मला इच्छा आहे), 'पुएदो' (मी करू शकतो), 'तेंगो के' (मला करावे लागते) अशी मोजकी रूपे दिली जातात व त्यांना कोणत्याही क्रियापदाचे मूळ रूप जोडले जाते. 'कोमेर' म्हणजे खाणे. म्हणून 'कियेरो कोमेर'. 'आसेर' म्हणजे करणे, 'लो' म्हणजे ते. म्हणून 'नो पुएदो आसेरलो', अर्थात 'मी ते करू शकत नाही'. मग 'आओरा' (आता) हा शब्द, मग 'पोर्के' (कारण) हा जोड, आणि थोड्याच वेळात विद्यार्थी 'नो पुएदो आसेरलो आओरा पोर्के तेंगो के सालिर', म्हणजे 'मला आता ते करता येणार नाही, कारण मला बाहेर जावे लागणार आहे', अशा धाटणीचे संयुक्त वाक्य स्वतः रचतो. 'हा पेन आहे, ती खिडकी आहे' या प्रकारच्या वाक्यांची मालिका येथे नाही. प्रौढ माणसाला ज्या गोष्टी बोलावयाच्या असतात, त्यांपासूनच आरंभ होतो.

काळ शिकविण्याचा क्रमही प्रचलित पाठ्यपुस्तकांहून निराळा आहे. मूळ रूप हाताशी असल्याने 'बोय आ' (मी जात आहे) या रूपाच्या साहाय्याने भविष्यकालीन आशय लगेच व्यक्त करता येतो. आघाताचे नियम कानाने शिकविले जातात : स्वरान्त, 'न'कारान्त किंवा 'स'कारान्त शब्दांत उपान्त्य अवयवावर आघात, इतरत्र अंत्य अवयवावर. हा नियम सांगून सोडून दिला जात नाही, प्रत्येक नव्या शब्दात तो आवाजाच्या चढावाने पुन्हा जाणवून दिला जातो. एकदा आलेला घटक काही मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने, मग पुढील तासात नव्या वाक्यात परत येतो. वाढत्या अंतराने उजळणी करण्याचे तत्त्व पॉल पिम्सलूर यांनी १९६७ मध्ये मांडले होते. परंतु पिम्सलूर यांच्या ध्वनिपाठांत वाक्ये ऐकून उच्चारण्यावर भर आहे, तर थॉमस यांच्याकडे वाक्याची रचना समजून ते घडविण्यावर. या पद्धतीसाठी थॉमस यांनी अमेरिकेत एकस्वाधिकारही मिळविला होता.

उणिवा उघड आहेत. शब्दसंग्रह लहान आहे. श्रवणाचा सराव जवळजवळ नाही. विद्यार्थी बोलू शकतो, पण माद्रिद किंवा मेक्सिकोतील माणूस वेगाने उत्तरला की गोंधळतो. वाचन-लेखन या अभ्यासक्रमात येत नाही. थॉमस यांच्या स्वतःच्या उच्चारावर पोलिश-जर्मन संस्कारांची दाट छाया होती, हेही टीकाकारांनी दाखवून दिले आहे. स्पॅनिशचा शब्दसंग्रहविषयक पूरक अभ्यासक्रम पुढे रोज ली हेडन यांनी तयार केला, तो यांतील पहिली उणीव काही अंशी भरून काढतो. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हर्बर्ट मॉरिस स्वतः थॉमस यांच्याकडे स्पॅनिश शिकले व प्रभावित झाले. परंतु ही पद्धत विद्यापीठात रुजविण्याचे प्रयत्न फळाला आले नाहीत. थॉमस आपली तंत्रे दीर्घकाळ झाकून ठेवीत, आणि विद्यापीठांनाही आपली चौकट सोडावयाची नव्हती. दोष दोन्ही बाजूंना विभागून द्यावा लागतो.

मराठी भाषक विद्यार्थी आणि स्पॅनिश

थॉमस यांचे स्पॅनिश इंग्रजीच्या पायावर उभे आहे. ओळखीच्यातून अनोळखीकडे जावयाचे हे त्यांचे तत्त्व प्रामाणिकपणे पाळावयाचे, तर मराठी भाषक विद्यार्थ्यासाठी पाया बदलला पाहिजे. इंग्रजीतील समान शब्दांचा लाभ त्याला मिळतोच. परंतु वाक्यरचनेच्या बाबतीत इंग्रजीहून मराठीच अनेक ठिकाणी स्पॅनिशला जवळची आहे, ही बाब वर्गात क्वचितच सांगितली जाते.

'आवडणे' हे याचे उत्तम उदाहरण होय. इंग्रजी भाषकाला 'मे गुस्ता एल लिब्रो' ही रचना फार जड जाते, कारण त्याच्या भाषेत आवडणारा मनुष्य कर्ता असतो. मराठीत 'मला पुस्तक आवडते' या वाक्यात 'मला' चतुर्थीत आहे आणि क्रियापद पुस्तकाप्रमाणे चालते. अनेकवचनी 'मला पुस्तके आवडतात', स्पॅनिशमध्ये 'मे गुस्तान लोस लिब्रोस'. शब्दाला शब्द जुळतो. इंग्रजी पाठ्यपुस्तकातून शिकणाऱ्या मराठी मुलाला मात्र ही रचना 'उलटी' म्हणून समजावून सांगितली जाते. जी गोष्ट त्याच्या जिभेवर आहे, ती आधी इंग्रजीत नेऊन अवघड केली जाते व मग सोपी करण्याचे कष्ट घेतले जातात!

दुसरे उदाहरण कर्माच्या प्रत्ययाचे. 'मी घर पाहतो' यात प्रत्यय नाही, 'मी मारियाला पाहतो' यात 'ला' येतो. स्पॅनिशमध्येही 'बेओ ला कासा', परंतु 'बेओ आ मारिया'. विशिष्ट व्यक्ती कर्म असेल तर 'आ' हे अव्यय लागते. इंग्रजीत याला समांतर काही नाही. क्रियापदाच्या रूपावरून पुरुष कळत असल्याने कर्ता गाळणे, विशेषणाने नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलणे, 'तू' व आदरार्थी संबोधन यांत भेद करणे, या सर्व गोष्टी मराठी भाषकाच्या अंगवळणी आहेत. आदरार्थी 'उस्तेद'बरोबर तृतीय पुरुषाचे क्रियापद येते; 'सरकार काय म्हणतात?' असे समोरच्याच माणसाला विचारणाऱ्या जुन्या मराठी अदबीची आठवण येथे करून देता येते. उच्चारातही 'त', 'द' हे दंत्य वर्ण व महाप्राणरहित 'प', 'क' मराठीत सिद्धच आहेत. प्रयत्न करावा लागतो तो कंपित 'र्र'साठी.

पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. तिच्यातून मराठीत आलेला 'पगार' स्पॅनिशमध्ये 'पागार', म्हणजे पैसे देणे, या क्रियापदाच्या रूपाने भेटतो. 'पाव' हा शब्द स्पॅनिश 'पान'चा आप्त आहे. 'बटाटा' मात्र फसवा, कारण स्पेनमध्ये 'बाताता' म्हणजे रताळे.

साम्याचा मोह आवरण्याची ठिकाणेही आहेत. 'मला जायचे आहे' मधील 'मला' पाहून विद्यार्थी 'मे'ने आरंभ करू लागेल. मराठीत 'मला, तुला, त्याला जायचे आहे' असे क्रियापद स्थिर राहते. स्पॅनिशमध्ये 'कियेरो, कियेरेस, कियेरे' असे ते पुरुषाप्रमाणे बदलते व इच्छा करणारा प्रथमेत असतो. 'जवळ असणे' या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद मराठीत नाही. 'मला दोन भाऊ आहेत' याचे 'तेंगो दोस एर्मानोस' होते. मराठीतील एका 'आहे'साठी स्पॅनिशमध्ये 'सेर' व 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत : 'मी प्राध्यापक आहे' याला एक, 'मी वर्गात आहे' याला दुसरे. आणि सर्वांत गमतीची अडचण लिंगाची : मराठीत 'काळा' पुल्लिंगी, तर स्पॅनिशमध्ये 'आ'कारान्त रूप बहुधा स्त्रीलिंगी. पहिल्या दोन आठवड्यांत हा घोटाळा हमखास होतो.

वर्गातील उपयोजन

थॉमस यांच्यापुढे दोन विद्यार्थी होते. आपल्या महाविद्यालयांतील भाषावर्गांत साठ असतात. या कारणास्तव पद्धत सरसकट नाकारण्याकडे अध्यापकांचा कल दिसतो. तथापि ध्वनिमुद्रिकेतील 'तिसरा विद्यार्थी' हाच या अडचणीवरील उपाय ठरू शकतो. दोन विद्यार्थ्यांना पुढे बसवून त्यांच्याशी संवाद करावा. प्रश्न विचारल्यावर काही क्षण पूर्ण शांतता ठेवावी. त्या अवधीत उरलेल्या सर्वांनी आपापले उत्तर मनात रचावे व नंतरच पुढील दोघांपैकी एकाने बोलावे. दर पंधरा मिनिटांनी जोडी बदलावी. हुशार विद्यार्थ्यांची जोडी मुद्दाम टाळावी, कारण त्यांच्या वेगाने वर्ग मागे पडतो. मध्यम विद्यार्थ्याच्या चुकीतून सर्वांना मार्ग दिसतो. वह्या पहिल्या तीन आठवड्यांपुरत्या बंद ठेवाव्यात. प्रमाणपत्र परीक्षेत लेखी प्रश्नपत्रिका असते, त्यामुळे त्या कायमच्या बंद ठेवता येणार नाहीत, आणि बोलण्यात पुढे गेलेला विद्यार्थी आघातचिन्हे लिहिताना अडखळतो. म्हणून सत्राचा शेवटचा तृतीयांश भाग लेखनासाठी राखून ठेवावा आणि आधी तोंडी रचलेलीच वाक्ये त्या वेळी प्रथम कागदावर उतरवून घ्यावीत.